भारतातले डोंगर ओळखायला शिका : आधी नद्या, मग खिंडी, शिखरं शेवटी

भारतातल्या पर्वतांची ओळख करून घ्यायची म्हटलं की बहुतेक जण शिखरांची यादी पाठ करायला घेतात. कांचनजंगा ८,५८६ मीटर, नंदादेवी ७,८१६, अनाइमुडी २,६९५, गुरुशिखर १,७२२. आठवडाभर लक्षात राहतं, मग सगळं एकमेकांत मिसळतं. यात दोष स्मरणशक्तीचा नाही. शिखर कुठल्या रांगेवर आहे, त्या रांगेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याला टेकायला जागाच नसते. नवशिक्या मुलामुलींना घेऊन डोंगरात जाता जाता मला एक क्रम सापडला आणि तो कामी येतो, असा अनुभव आहे. शाळेत शिकवतात त्याच्या तो उलटा आहे.

पहिली पायरी : फक्त नद्या काढा

भारताचा एक प्राकृतिक नकाशा घ्या, शाळेच्या अॅटलासमधला चालेल. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि निळ्या पेन्सिलीनं फक्त नद्या गिरवा. डोंगरांना हात लावू नका. सिंधू, सतलज, यमुना, गंगा, ब्रह्मपुत्रा, चंबळ, शोण, नर्मदा, तापी, महानदी, गोदावरी, भीमा, कृष्णा, कावेरी एवढ्या पुरतात. अर्धा तास लागेल.

आता कागद उचलून पांढऱ्यावर धरा आणि दोन नद्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांकडे बघा. नर्मदा आणि तापी जवळजवळ समांतर पश्चिमेला जातात. त्यांच्या मधला पट्टा म्हणजे सातपुडा. नर्मदेच्या उत्तरेला, तिला खेटून, विंध्य. तापी आणि गोदावरीच्या मध्ये सातमाळा-अजिंठा रांग. गोदावरी आणि भीमेच्या मध्ये हरिश्चंद्र-बालाघाट. भीमा आणि कृष्णेच्या मध्ये शंभू महादेव. एकही डोंगर न काढता अर्ध्या महाराष्ट्राच्या रांगा तुमच्या कागदावर उतरल्या. रांग म्हणजे एका बाजूचं पाणी एका नदीला आणि दुसऱ्या बाजूचं दुसरीला वाटून देणारा बांध. शेताच्या बांधासारखाच, फक्त मोठा.

अजून एक करा. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर, भीमेचा भीमाशंकरला, कृष्णेचा महाबळेश्वरला. हे तीन ठिपके तपकिरी पेन्सिलीनं जोडा. ती रेघ सह्याद्रीच्या माथ्याची. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण ऐंशी किलोमीटरवर आहे, तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. दख्खनचं पठार पूर्वेकडे उतरतं आहे, ही गोष्ट या एका नदीवरून जितकी पक्की होते तितकी कुठल्याही व्याख्येनं होत नाही.

दुसरी पायरी : आपल्या घराजवळची रांग पायांनी समजून घ्या

देशभरच्या रांगा कळायला एक रांग अंगवळणी पडावी लागते. आपल्याला ती सह्याद्रीतच मिळते. तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटरची ही रांग. इंग्रजी पुस्तकांनी तिला पश्चिम घाट म्हटलं आणि ते नाव रूढ झालं. पण आपल्याकडे घाट म्हणजे डोंगर चढून जायची वाट. नाणेघाट, माळशेज घाट, वरंधा घाट ही वाटांची नावं आहेत. हा फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवा, पुढे खिंडींच्या वेळी उपयोगी पडेल.

पहिला चढ कळसूबाईचा करा. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पायथ्याचं गाव बारी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी लोखंडी शिड्यांवर रांग लागते आणि वर धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, म्हणजे आपलं काम होत नाही. पहाटे निघा, सूर्य वर येईपर्यंत देवीच्या देवळाशी पोचा.

वर पोचल्यावर नकाशा पसरा, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा, वारा असतोच. होकायंत्राला जुळवून नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला करा. पश्चिमेला कुलंग, मदन आणि अलंग हे तीन कातळी किल्ले दिसतील. दक्षिणेकडे खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकतं. ते प्रवरेचं, आणि प्रवरा रतनगडाच्या कुशीतून निघते. त्याच्या मागे दूरवर हरिश्चंद्रगडाचा पसारा. उत्तरेच्या उतारावरचं पाणी दारणेच्या दिशेनं जातं. आता विचार करा : प्रवराही गोदावरीला मिळते आणि दारणाही. म्हणजे कळसूबाईच्या उत्तरेला पडलेला थेंब आणि दक्षिणेला पडलेला थेंब शेवटी एकाच नदीत! महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर सह्याद्रीच्या मुख्य धारेवर नाहीच. ते तिथून पूर्वेकडे फुटलेल्या फाट्यावर आहे. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्यात पाणी वाटणारी धार आणखी पश्चिमेला, कोकणच्या कड्यावर आहे.

ही गोष्ट मी प्रत्येक नव्या गटाला वरच सांगतो, खाली नाही. सर्वांत उंच जागा आणि पाणी वाटणारी जागा एकच असेल असं आपण गृहीत धरतो. तसं नसतं, आणि हिमालयात तर हे फारच मोठ्या प्रमाणावर घडतं.

उतरताना कातळाकडे बघा. महाराष्ट्रातला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या. कठीण थराचा उभा कडा होतो, त्याखालच्या मऊ थराची तिरकी, गवताची उतरण होते, मग पुन्हा कडा. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट दिसतात. किल्ल्यांच्या माच्या या अशाच पायऱ्यांवर बसलेल्या आहेत. गाववाल्यांच्या तोंडचे शब्द इथे उचला : धार, सोंड (माथ्यावरून खाली उतरत आलेली धार), पदर (कड्याखालचा सपाट टप्पा), नाळ (कड्यातून उतरणारी अरुंद घळ), घळ, सुळका, खिंड, कडा. ‘पुढच्या सोंडेवरून पदरात उतरा, मग नाळेनं खाली’ हे वाक्य ऐकून डोळ्यांसमोर डोंगर उभा राहू लागला की दुसरी पायरी झाली.

पुढे वेळ मिळेल तसं सेलबारी-डोलबारी रांगेतला साल्हेर (१,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला), सातमाळ्यातला सप्तशृंग आणि धोडप, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा असं करत जा. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारा : इथलं पाणी कुठे जातं?

तिसरी पायरी : खिंडी

माणसाला डोंगर ओलांडायचा असतो तेव्हा तो शिखराकडे बघत नाही, सर्वांत खालची जागा शोधतो. म्हणून रांग खरी कळते ती खिंडींवरून. मुंबईहून नाशिककडे जाणारी रेल्वे थळ घाटातून चढते, पुण्याकडची बोर घाटातून. बोर घाटाची लोहमार्गाची चढण १८६३ मध्ये सुरू झाली, थळ घाटाची १८६५ मध्ये. पण त्याच्या दोन हजार वर्षं आधीपासून बैल, गाढवं आणि माणसं नाणेघाटानं जुन्नरला चढत होती. तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरेनं सांगितलं जातं.

सह्याद्रीतली सर्वांत मोठी फट मात्र दक्षिणेत, पालघाट. उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अनाइमलै आणि मध्ये सुमारे तीस किलोमीटर रुंदीची मोकळी जागा. कोइम्बतूरहून पालक्काडला जाताना घाट चढल्याची जाणीवच होत नाही. अनाइमलैच्या बाजूला अनाइमुडी आहे, हिमालयाच्या दक्षिणेकडचं भारतातलं सर्वोच्च शिखर. ते एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात येतं. निलगिरी ताहर या रानशेळीचं ते घर असल्यानं तिथे मनाला येईल तसं चढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तिथली नीलकुरिंजी बारा वर्षांतून एकदा फुलते, अलीकडे २०१८ मध्ये फुलली होती. निलगिरीतला दोड्डबेट्टा (२,६३७ मीटर) मात्र सोपा, माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. तिथे गेलात तर डोंगरांचा आकार बघा. लाव्हाच्या पायऱ्या संपलेल्या असतात. हा खडक वेगळा, कितीतरी जुना, आणि माथे गोल.

चौथी पायरी : मधल्या भारताच्या रांगा

इथे फार रेंगाळायची गरज नाही, पण वगळूही नका. सातपुड्याचं सर्वोच्च शिखर धूपगड, पचमढीजवळ, साधारण १,३५० मीटर. महाराष्ट्राच्या बाजूला नंदुरबार जिल्ह्यातला अस्तंभा आहे. दिवाळीच्या सुमारास तिथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते आणि आदिवासी भाविक रात्रीचा डोंगर चढतात. विदर्भातल्यांनी सुरुवात चिखलदऱ्यापासून, गाविलगडच्या डोंगरांतून करावी, तेही सातपुड्याचंच अंग. पूर्वेला सातपुडा मैकल डोंगरांना मिळतो. तिथे अमरकंटकला नर्मदा उगम पावून पश्चिमेला निघते आणि शोण जवळच उगम पावून गंगेकडे जाते.

विंध्याबद्दल एक गैरसमज काढून टाका. नाव मोठं असलं तरी पुष्कळ ठिकाणी तो नर्मदेच्या खोऱ्याकडे तुटलेला पठाराचा काठ आहे. इंदूरकडून नर्मदेकडे उतरताना आपण डोंगर चढलोच नव्हतो, तरी एकदम उतार लागतो. तोच विंध्य.

अरवली गुजरातच्या सीमेपासून दिल्लीपर्यंत जाते. जगातल्या अतिप्राचीन वलित पर्वतांपैकी एक, झिजून झिजून खाली आलेली. अबूजवळचं गुरुशिखर हा तिचा कळस, आणि दिल्लीत राष्ट्रपती भवन ज्यावर उभं आहे ती रायसीना टेकडी तिचीच शेपटी. पूर्व घाट ही सलग रांगच नाही. महानदी, गोदावरी, कृष्णा, कावेरी यांनी तो जागोजागी कापलेला आहे. म्हणून तो तुकड्यातुकड्यांनीच शिका : ओडिशात देवमाळी (१,६७२ मीटर) आणि महेंद्रगिरी, आंध्रात नल्लमला, तमिळनाडूत जावादी. तुमच्या ट्रेसिंग पेपरवर नद्या आडव्या जाताना दिसतील, तिथे तपकिरी रेघ तोडा.

पाचवी पायरी : हिमालय एका रस्त्यानं

सुमारे २,४०० किलोमीटर लांबीचा हिमालय एका बैठकीत डोक्यात शिरत नाही. त्याला लांबीनं शिकू नका, आडवा कापा. त्यासाठी जम्मू ते नुब्रा हा रस्ता घ्या. जाणं जमलं नाही तरी नकाशावर बोट फिरवा.

जम्मूच्या पुढे पहिल्या ठेंगण्या, मातीच्या आणि गोट्यांच्या टेकड्या लागतात : शिवालिक. मग बनिहालच्या बोगद्यातून पीर पंजाल ओलांडता आणि काश्मीरच्या खोऱ्यात येता. श्रीनगर, सोनमर्ग करत झोजी ला (‘ला’ म्हणजे खिंड, ३,५२८ मीटर) चढलात की मुख्य हिमालय ओलांडला. इथे खिंडीच्या एका बाजूला देवदार, गवत, ओलावा, आणि दुसऱ्या बाजूला उघडी, करडी, कोरडी जमीन. पावसाळी ढग बहुतांश अलीकडेच अडतात, हे डोळ्यांना दिसतं. पुढे कारगिलनंतर नमिका ला आणि फोटू ला (सुमारे ४,१०० मीटर) या झंस्कर रांगेतल्या खिंडी. मग खाली सिंधू नदी आणि लेह. लेहच्या मागे उभी असलेली लडाख रांग खारदुंग ला ओलांडून पार केली की नुब्रा-श्योकचं खोरं, आणि त्याच्या पलीकडे काराकोरम. एका रस्त्यात सहा रांगा, क्रमानं. हा क्रम तोंडपाठ करा, एवढीच एक गोष्ट मी पाठ करायला सांगेन.

आता कळसूबाईवरचा प्रश्न इथे विचारा. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या तिन्ही नद्या हिमालयाच्या मागे, तिबेटात, कैलास-मानसरोवराच्या परिसरात उगम पावतात. मग त्या एवढ्या उंच रांगेच्या अलीकडे आल्या कशा? कारण हिमालय वर येण्याआधीपासून त्या वाहत होत्या. डोंगर उचलला जात राहिला, नदी त्याला कापत राहिली. भारतीय भूखंड अजूनही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे रेटतो आहे आणि ही झुंज चालूच आहे. तेव्हा जगातली सर्वांत उंच रांगसुद्धा सगळीकडे पाणी वाटत नाही.

ईशान्येत एक चूक फार जण करतात : तिथले सगळे डोंगर हिमालयाचेच समजतात. अरुणाचलचा उत्तर भाग हिमालय, बरोबर. नागालँड, मणिपूर, मिझोराममधल्या दक्षिणोत्तर रांगा म्हणजे पाटकाई आणि तिच्या शाखा. नागालँडचं सरामती ३,८२६ मीटर आहे. मेघालयाचं पठार तर भूशास्त्रानुसार आपल्या दख्खनच्या द्वीपकल्पाचंच तुटलेलं अंग आहे. गारो, खासी, जयंतिया टेकड्या त्यात येतात.

सहावी पायरी : आता शिखरं

यादी हातात घ्यायची वेळ आता आली. घेताना तीन गोष्टी तपासा. एव्हरेस्ट भारतात नाही, ते नेपाळ आणि तिबेटच्या सीमेवर आहे. के-टू (८,६११ मीटर) काराकोरममध्ये आहे आणि तो प्रदेश पाकिस्तानच्या ताब्यात आहे, म्हणून काही याद्यांत ते भारताचं पहिलं शिखर म्हणून येतं, काहींत येत नाही. कांचनजंगा सिक्कीम आणि नेपाळच्या सीमेवर. पूर्णपणे भारताच्या आत असलेलं सर्वांत उंच शिखर नंदादेवी. यादी कुठल्या अर्थानं केली आहे हे कळलं की निम्मे वाद मिटतात. उंचीत पाच-दहा मीटरचा फरक दिसला तर गोंधळू नका, मोजणी वेगवेगळ्या काळात झालेली असते.

कांचनजंगावर माणूस प्रथम पोचला १९५५ मध्ये. सिक्कीमच्या लोकांसाठी ते शिखर देव आहे, म्हणून जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक माथ्याच्या किंचित खाली थांबले आणि परतले. पुढच्या अनेकांनी तो मान राखला. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या दहा गिर्यारोहकांनी २०१९ मध्ये नेपाळच्या बाजूनं हे शिखर गाठलं, तेव्हा आमच्या गटातली पोरं रात्रभर बातमीची वाट बघत जागी होती.

शिखरं ओळखायचा सराव कौसानीत करा. उत्तराखंडातलं हे गाव, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश स्वच्छ. उत्तरेला तोंड करून उभे राहा. डावीकडून उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे, क्रम असा : चौखंबा, नंदाघुंटी, त्रिशूळ, नंदादेवी, नंदाकोट, पंचचूली. पहिल्यांदा गेलो तेव्हा समोरचं सर्वांत भव्य शिखर हीच नंदादेवी, असं मी खात्रीनं मानलं. तो त्रिशूळ होता. ७,१२० मीटरचा त्रिशूळ जवळ आहे, त्याच्यापेक्षा सुमारे सातशे मीटर उंच असलेली नंदादेवी मागे आहे, म्हणून लहान दिसते. यावर उपाय एकच : सूर्योदयाच्या आधी जाऊन बसा. पहिली तांबूस किनार सहसा उंच माथ्याला लागते, मग ती खाली उतरते. कुठला माथा आधी पेटला ते बघा आणि वहीत लिहा.

नंदादेवीच्या भोवतीचं अभयारण्य १९८३ पासून गिर्यारोहणाला बंद आहे. तिथलं नाजूक रान सावरायला हे गरजेचं होतं. लांबून बघण्यानं तिची ओळख कमी होत नाही.

जाण्याआधी

चांगला नकाशा म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० मापनाचा. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) सहसा वीस मीटरची चढण. रेषा दाट तिथे कडा, विरळ तिथे पठार. रेषांचा निमुळता कोन चढाच्या दिशेला असेल तर ओढा, उताराच्या दिशेला असेल तर सोंड. ज्या डोंगरावर जाऊन आलात त्याचाच नकाशा आधी वाचा, अनोळखी डोंगराचा नंतर.

उंचीची भीती नको, पण तिचा मान ठेवा. विमानानं थेट लेहला (सुमारे ३,५०० मीटर) उतरलात तर पहिले दोन दिवस काहीही करू नका. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबा. डोकं ठणकतंय, मळमळतंय, तर वर जाणं बंद. वाढत असेल, तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी खाली. सोबतचा माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणत असला तरी त्याच्या चालण्याकडे बघा. सीमेजवळच्या भागांसाठी परवाना लागतो का, हे निघण्याआधी जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

तो ट्रेसिंग पेपर फेकू नका. गेलात ती प्रत्येक खिंड त्यावर लाल ठिपक्यानं मांडा, शिखर काळ्या त्रिकोणानं. माझ्या कागदावर लाल ठिपके त्रिकोणांच्या तिप्पट झाले आहेत, आणि फोटू लाच्या ठिपक्याशी पेन्सिलीनं लिहिलेलं आहे : ‘दुपारी ३, वारा, दोन्हीकडचं पाणी सिंधूलाच.’